आग लावणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि माझे काम आग लावण्याचे आहे. ऐकून लगेच नाक मुरडू नका. इतरत्र कोणाला 'आगलाव्या' म्हटले तर तो भांडायला उठेल. आमच्या डोंगरात मात्र हे मानाचे काम आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. वेल्डरने जाड पत्रा वळवून माझे पोट बनवले, वर मूठ बसवली आणि एक लांब नळी जोडली. ज्योत उलटी पोटात शिरू नये म्हणून नळीला मध्ये एक वळसा दिला. नळीच्या टोकाला वात, पोटात डिझेल आणि थोडे पेट्रोल. वात पेटवून मला तिरके धरले की पेटते थेंब जमिनीवर पडतात आणि माणूस चालेल तशी आगीची रेघ उमटत जाते. वेल्डरने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "गळतोय, पण गळायला हवा तिथेच." माझ्या वाट्याला आलेले हे पहिले कौतुक.

आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर पाइनचे जंगल, आणि त्या जंगलातून येणारा ओढा. वस्तीच्या आणि खालच्या शहराच्या नळांना त्याच ओढ्याचे पाणी येते. पाइनच्या वाळक्या सुया दरवर्षी जमिनीवर साचतात. त्यांचे ढीग तसेच राहिले तर उन्हाळ्यात एका ठिणगीने आग थेट शेंड्यांपर्यंत चढते, झाडे मुळासकट मरतात आणि पुढच्या पावसात राख नि माती ओढ्यात उतरते. म्हणून थंडीत, जमीन जराशी ओलसर असताना, वस्तीची माणसे स्वतःच उतार थोडा थोडा जाळून घेतात. गुडघ्याएवढी आग कचरा खाते, जाड सालीच्या झाडांचे पाय तेवढे काळे होतात. झाडे त्याची तक्रार करत नाहीत.

या कामाचा एक नियम होता. ज्याचे घर उताराला सर्वांत जवळ, त्याला आधी विचारायचे आणि पहिली रेघ त्याच्याच हातून ओढायची. ज्याचे सर्वांत जास्त जळू शकते, त्याचा हात सर्वांत सावध असतो, एवढाच त्यामागचा विचार होता.

कामावर देखरेख मुकादमाची. वाऱ्याकडे तो डोळ्यात तेल घालून बघायचा. उताराला लागून असलेले शेवटचे घर त्याच्या धाकट्या बहिणीचे. ती शिवणकाम करायची, म्हणून वस्ती तिला शिवणमावशी म्हणे. तिचा नवरा सुतार होता. दर थंडीत तोच मला हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "चला, माझं घर जाळायला कोण कोण येतंय?" सगळे हसत. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षे होती, हे मला तेव्हा कळले नाही. डब्याला उशिराच कळते.

सुतार एका आजारपणात गेला. पुढच्या थंडीत माणसे जमली त्या सकाळी शिवणमावशी शिवलेले कपडे पोचवायला शहरात गेली होती. कोणीतरी म्हणाले, "मावशी नाहीत, उद्या करू या का?" मुकादम म्हणाला, "अरे, माझ्याच बहिणीचं घर आहे. तिला काय विचारायचं?" आणि त्याने माझी वात पेटवली.

दुपारी वारा फिरला. घर वाचले, पण मागची सुताराची शेड गेली. रंधे, पटाशा, करवती, सगळे त्या शेडमध्ये होते. संध्याकाळी शिवणमावशी परत आली. तिने राखेतून पोलादी पाती वेचून बादलीत टाकली आणि दार लावून घेतले.

त्यानंतर दर थंडीत उतार पेटवायचे विचारायला तिच्या दारी जे कोणी गेले, त्यांना चहा मिळाला आणि नकार मिळाला. पाणीपुरवठ्याचा अभियंता नकाशा घेऊन गेला. शेजारीण रागावून गेली. मुकादम स्वतः कधीच गेला नाही. अवजारांच्या खोलीत, अगदी माझ्यासमोर उभा राहून, तो तोंडसुख घेई, "एका शेडपायी अख्ख्या वस्तीचा जीव टांगणीला लावलाय हिने!" मी खुंटीला लटकलेला. माझी वात कडक झाली, नळीत कोळ्याने घर केले. वर उतारावर सुयांचा थर वाढत होता. मला वाईट वाटत होते, पण डब्याला विचारतो कोण?

मग एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडचे खोरे पेटले. आमच्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली. पावसात पलीकडच्या नळांना काळे पाणी आले आणि तिथली माणसे टँकरपुढे रांगा लावू लागली. मुकादमाचे तोंडसुख बंद झाले.

थंडी सुरू होताच त्याने मला खाली काढले. नळी धुतली, नवी वात घातली आणि मला घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. ती मशीनवर बसली होती.

"चिमणे," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला हेच म्हणायचा. "उतार पेटवायचाय. पेटवू का?"

मशीन थांबले. "हे त्या वर्षी का नाही विचारलंस?"

"वाटलं, तुझं घर म्हणजे माझंच."

"शेड काय, पुन्हा उभी राहिली असती, दादा. पण तू मला धरलंच नाहीस कशात. ह्यांच्यामागे माझं 'हो' पण गेलं का?"

मुकादम पायपुसण्याकडे बघत होता. "चुकलो मी," तो म्हणाला.

तिने कात्री बाजूला ठेवली आणि पायांत बूट घातले. "वारा कुठून आहे?"

"घराकडून डोंगराकडे."

"मग आण तो डबा इकडे."

पहिली रेघ तिने वरच्या अंगाला ओढली. माझे थेंब वाकडेतिकडे पडत होते. पट्ट्यापट्ट्याने आग खाली येत गेली. दुपारी वारा पुन्हा फिरला. आग अडवायला आधीच खरवडून ठेवलेला मातीचा पट्टा ओलांडून एक जाळ तिच्या कुंपणाला भिडला. माणसे ओली पोती घेऊन धावली. मुकादम मात्र जागच्या जागी थिजला. आग विझली तेव्हा कुंपणाचा एक कोपरा जळून गेला होता, आणि त्याची मान वर होत नव्हती.

शिवणमावशीने काजळी लागलेले तोंड पदराने पुसले. "कुंपणच गेलं ना? ते मला विचारून गेलंय. चालेल मला," ती म्हणाली. "पुढच्या थंडीत पण मीच पेटवणार."

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला खुंटीवर विसरू नका. माझी नळी साफ ठेवा, वात वेळेवर बदला. जंगल निरोगी राहायला अधूनमधून माझ्यासारख्याची गरज लागते. पण मला हातात घेण्याआधी ज्याचे घर सर्वांत जवळ आहे त्याच्या दारी जा आणि विचारा. तो नाही म्हणाला तर थांबा. आणि ते घर आपल्याच माणसाचे असेल, तर सगळ्यात आधी तिथे जा.