आवाजाची पेटी

मी पेटी बोलतेय. बाजाची नव्हे आणि कपड्यांची तर नव्हेच. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली जी काळी पेटी असते, जिला येताजाता सगळ्यांचे पाय लागतात, ती मी. आत्ता भंगारवाल्याच्या गोदामात आडवी पडलेय. वेळ थोडा आहे, म्हणून सरळ सांगते.

मी कारखान्यातून खोक्यात बसून आले नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या लेकीनं मला घरीच जोडलं, आईच्या कापड बेतायच्या टेबलावर. अंग जुन्या बाजारातलं, एका कुशीला पोचा आलेला. मदरबोर्ड कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेला. हार्ड डिस्क तेवढी कोरी. स्क्रू पिळायला पेचकस शिलाई मशीनचा.

"माझ्या कात्रीला हात लावलास तर बोटं मोडीन," आई म्हणाली.

"एक पट्टी कापायचीय गं फक्त."

"दातांनी काप. कापडाची कात्री आहे ती."

सगळं जोडून झालं आणि एक स्क्रू उरला. "हा कुठला?" आईनं विचारलं. "असू दे, तुझीही बटणं उरतातच की," लेक म्हणाली. त्यावर आईनं जे ऐकवलं, ते सांगण्यासारखं नाही. माझा पंखा कुरकुरायला लागला तेव्हा मात्र तिनंच मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. "गप बस आता," असं मला म्हणालीसुद्धा.

माझी एवढी घाई कशाला होती? डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईच्या घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव राहील, आवाज जाईल. हातात पंधरा दिवस. लेक म्हणाली, "आई, तू बोल, मी साठवते. मग बटण दाबलंस की तूच बोलशील."

जन्मभर गल्ली दणाणून सोडलेली बाई, पण माईकसमोर बसली आणि तिला शब्द फुटेना. तेवढ्यात मोरीत नळ वाहताना ऐकू आला.

"अहो, नळ बंद करा! बापाची विहीर आहे का?"

तेच पहिलं वाक्य. एक नंबरच्या बटणावर गेलं. दोनवर, "जेवायला चला, निवतंय." तीनवर, "नको म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही?"

"आई, काहीतरी प्रेमाचं बोल की!"

"हेच प्रेमाचं आहे. तुझ्या बाबांना विचार."

अशी चाळीस वाक्यं माझ्या पोटात ठेवली. ऑपरेशन झालं. गळ्याला पट्टी बांधून ती घरी आली, पायाच्या अंगठ्यानं मला चालू केलं आणि एक नंबर दाबला. बाबा सवयीनं मोरीकडे धावले. नळ बंदच होता. तरी त्यांनी तो घट्ट पिळला आणि तिथंच डोळे पुसत उभे राहिले.

चार वर्षं ती माझ्यातून बोलली. सगळ्यात जास्त चालला तो तीन नंबर, "नको म्हटलं ना!" ब्लाउज उद्याच हवा म्हणणाऱ्या बायका त्याला फार भ्यायच्या.

लेक नोकरीला लांब गेली. प्रत्येक खेपेला म्हणायची, "याची एक प्रत काढून ठेवायला हवी." आणि निघताना म्हणायची, "पुढच्या खेपेला नक्की." माणसांचं सगळं पुढच्या खेपेवर असतं.

एका सकाळी मी सुरूच झाले नाही. वीज देणारा भाग जळला होता. डिस्क धडधाकट होती. लेकीनं फोनवर बाबांना बजावलं, "आईचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आहे, काही गेलेलं नाही. कॉम्प्युटर जपून ठेवा. मी आले की बघते."

बाबांनी अगदी शब्दाला जागून केलं. टेबलावरचा मॉनिटर मऊ फडक्यानं पुसला, स्वतःच्या शालीत गुंडाळला आणि कपाटात ठेवला. ज्यात दिसतं तो कॉम्प्युटर, एवढंच त्यांना ठाऊक. मला ते पहिल्यापासून डबाच म्हणायचे.

दोन दिवसांनी भंगारवाला दारात आला. "आणि हा डबा, काका?"

"ने, बाबा. नुसता पायात येतो."

मी गाडीवर चढले तेव्हा आई वर खिडकीत होती. तिनं मला ओळखलं. तिच्या अंगठ्याची आणि माझी ओळख चार वर्षांची. हातात कात्री होती, जी तिनं कापडाशिवाय कशाला लागू दिली नव्हती. ती तिनं गजांवर दाणदाण आपटली.

बाबांनी वर बघितलं आणि हसले. "आलो गं, आलो! चहा टाकतो!"

"काकू तापल्या वाटतं," भंगारवाला म्हणाला.

"तिचं रोजचंच आहे."

तिनं तोंड उघडलं. तिला तीन नंबर हवा होता. तो माझ्या पोटात होता आणि मी बंद होते. ती जिन्याकडे वळली. तोवर गाडीनं कोपरा ओलांडला होता.

इथं एक माणूस हातोड्यानं पेट्या फोडतो. तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे. माझ्याआधी दोघी आहेत. कुणी शोधत येईल असं वाटत नाही. आलं तरी पोच्यावरून ओळखणार कसं? इथं पोचे सगळ्यांनाच आलेत.

तुमच्या टेबलाखाली माझी कुणी बहीण असेल, तर तिला डबा म्हणू नका. आत कोण बसलंय ते आधी विचारा. आणि प्रत आज काढा. आज म्हणजे आज.

आता माझ्याआधी एकच उरलीय. तीन नंबरचं वाक्य अजून माझ्यात जसंच्या तसं आहे. दाबणारं बोट नाही.