विहिणीच्या पंगतीतली बट्टी

लग्नात आता कॅसेट वाजते, तरी विहिणींची पंगत बसली की लोक मलाच बोलावतात. विहिणीला चिडवायची गाणी मी रचते. पण आधी बाई बघून घेते. न बघता रचलेलं गाणं कुणालाही बसतं, म्हणजे कुणालाच बसत नाही.

नरडाण्याच्या सुंदरबाईची पोर भुसावळला द्यायची होती. साखरपुड्यात विहीण मंजुळाबाईनं वरण-बट्टीचं ताट तसंच सरकवलं. सुंदरबाई पेटली. "अक्का, मन्ही बट्टीले तिनी हात बी नही लावा! तिले गाणामा अशी सोल, का जनमभर याद ऱ्हायनी पाहिजे."

सोलायला काय, सोललं असतं. पण पोर उद्या त्याच घरात नांदणार होती. आणि मी त्या बाईला नीट बघितलं होतं. मिशरीनं बोट काळंकुट्ट, दात मात्र पांढरेशुभ्र, एका मापाचे. हसताना पदर तोंडावर. बट्टीचा तुकडा तिनं वरणात भिजवला, एका गालात धरला आणि हळूच ताटाखाली ठेवला. गर्व कसला, नवी कवळी होती! चारचौघांत सांगणार कशी?

लग्नाच्या दिवशी गव्हाची खीर भरपूर शिजवायला मीच सांगितलं. पंगत बसली. मंजुळाबाई मान ताठ करून शिव्या खायला तयार. मी सूर लावला:

"सुंदरबाईनी बट्टी जशी खडीनी रास वं,
रेल्वेना रुळखाले टाका, गाडी चालस झकास वं!
मऊ खीर वाढा येहीनले, बट्टीले द्या वनवास वं!"

बाया लोटपोट. सुंदरबाई माझ्या कानाशी येऊन फिसकारली, "तिले सोल सांगं, तू मालेच सोलं!"

"गप. तिकडं बघ."

मंजुळाबाई हसत होती, पदराचं भान सोडून. "मंग आन ना ती खीर! भूक लागनी शे."

दोन वाट्या झाल्यावर तिनं हाक मारली, "येहीनबाई, पोरले बट्टी करता येस का?"

सुंदरबाईचा चेहरा उतरला. खोटं बोलावं की खरं? "येस," ती म्हणाली, "मन्हासारखीच."

"अरे देवा! मंग ऱ्हाऊ दे. तिले मी शिकाडसू." असं म्हणून मंजुळाबाईनं सुनेचा हात धरला आणि शेजारी बसवून आपल्याच ताटातली खीर तिच्यापुढं केली.

सुंदरबाई माझ्याकडं बघेना. ती खिरीचं दुसरं पातेलं उघडायला पळाली होती.