नानांच्या खोलीतलं प्रेक्षणीय स्थळ

दरवर्षी सुट्ट्या लागल्या की नवरा, बायको, लेक आणि आजोबा असे चौघं डोंगरातल्या हॉटेलात जायचे आणि परतल्यावर पोटाला चिमटा काढून दिवस ढकलायचे. यंदा नवऱ्याच्या गॅरेजला कामच नव्हतं. तेव्हा पडदे शिवणाऱ्या त्याच्या बायकोने जाहीर केलं, "यंदा हॉटेल घरातच! सगळ्यांनी खोल्या बदलायच्या. ज्याची खोली तो यजमान. पाहुण्याला धुतलेली चादर, घडी केलेला टॉवेल, आणि खोलीतली प्रेक्षणीय स्थळं दाखवायची."

"खोलीत कसली आलीत स्थळं?" नवरा म्हणाला. पण तोवर त्याची लेक टुणकन उठून चादरी काढायला पळाली होती. तिच्या तोंडाला विश्रांती नसल्यामुळे घरात तिला भुंगा म्हणत.

शिवणारीला मात्र काळजी वेगळीच होती. तिचे सासरे, नाना, सुट्ट्या संपल्या की कायमचे आपल्या लेकीकडे, ताईकडे, राहायला जाणार होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचं इथे मन लागत नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही, विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं." ती स्वतः बिनबापाची; लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून नानांनी तिला बापाची उणीव भासू दिली नव्हती. आपलंच कुठेतरी चुकलं, ही रुखरुख तिला आत खात होती.

खोल्यांची वाटणी झाली. भुंगा नि नाना आईबाबांच्या खोलीत, शिवणारी नानांच्या. नवरा भुंग्याच्या पलंगावर, गुडघ्यापासून पुढचे पाय हवेत. त्याने कुरकुर केली तर मालकीणबाई म्हणाल्या, "तक्रारी सकाळी ऐकल्या जातील."

दुपारी शिवणारी नानांच्या खोलीत गेली. नाना खांद्यावर टॉवेल टाकून दारातच उभे होते.

"या. हे कपाट. कुरकुरतं, पण मनाने चांगलं आहे. ही खुर्ची, हिच्यावर बसू नये. आणि ही खिडकी..." ते अडखळले. "इथलं मुख्य स्थळ सध्या बंद आहे."

"म्हणजे?"

नाना पलंगाच्या कडेला टेकले. "दुपारी दार लावून, पडदा ओढून आम्ही दोघं पडायचो ना, ते झोपायला नव्हे. पडद्याला एक बारीक भोक होतं. त्यातून अख्खा रस्ता उलटा होऊन या भिंतीवर उतरायचा. तुझी सासू एकेकाला चालीवरून ओळखायची."

ती पडद्यापाशी गेली. बोटांनी चाचपत गेली तेव्हा कुठे जागा सापडली. रफू तिचाच होता. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात, माणसं भेटायला येतील म्हणून तिने तो केला होता, आणि त्या दिवसांत तेवढंच एक काम तिला जमलं होतं.

"नाना, बोलला का नाहीत?"

"रडत रडत टाके घालत होतीस गं. त्यावर काय बोलणार?"

तिने कात्री आणली, दार लावलं, पडदा ओढला, आणि आपलेच टाके एकेक करून उसवले. आधी नुसता अंधार. मग भिंतीवर काहीतरी पुसट हललं. हळूहळू आभाळ खाली साचलं, झाडं त्यात शेंडे बुडवून उभी राहिली, आणि वर छताजवळ रस्ता वाहू लागला. माणसं तिथून पायांनी लटकत निवांत चालली होती. एक पिवळी छत्री आली आणि कपाटाच्या दारावरून वाकडी होत निघून गेली. कशालाच आवाज नव्हता. आपण जागे आहोत की नाही, असं तिला क्षणभर वाटलं.

"तिच्या जागेवर बस," नाना हळूच म्हणाले. "तिथून कोपरा दिसतो."

ती बसली.

"नाना, जाऊ नका ना."

"थांब, तो टपालवाला आला बघ. कोपऱ्यावर थांबून केस विंचरतो, नेहमी." त्यांची नजर भिंतीवरून हलली नाही. "ताईला फोन कर. म्हणावं, नाना येत नाहीत, तूच ये सुट्टीला. आणि चादर घेऊन ये, आमच्या हॉटेलात कमी आहेत."

डोळ्यांतलं पाणी न पुसताच ती फोन आणायला उठली.

"डोळे पूस आधी," नाना म्हणाले, आणि बाहीने स्वतःचेही पुसले. "ओल्या डोळ्यांनी सगळं धूसर दिसतं."