तो असो, नसो

"हे असं मधूनमधून कुणी खाल्लं? उंदरानं?" गोळ्यांचं पाकीट खिडकीच्या उजेडात धरून सिस्टरने विचारलं.

पाकिटातल्या दोन गोळ्या फोडलेल्या, पुढच्या चार शाबूत, मग पुन्हा एक फोडलेली. समोरच्या स्टुलावर बसलेली बाई शिवणकामाच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिथे बायकांना कामावरूनच हाक मारायचे, म्हणून ती कॉलरवाली. पाळी लांबल्याचं कळल्यावर शेजारच्या मशीनवरच्या खिसेवालीनेच तिला दवाखान्यात पिटाळलं होतं.

"हे घरी असतात तेव्हा घेते," कॉलरवाली म्हणाली. "नसतात तेव्हा कशाला वाया घालवायच्या?"

"अगं, गोळी म्हणजे काय चहा आहे, पाहुणा आला की टाकायला?" सिस्टर हसली, पण तिचा चेहरा बघून थांबली. आत जाऊन तपासणीची पट्टी घेऊन आली. "नाहीये काही. थोडक्यात वाचलीस."

कॉलरवालीने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो खराच होता. काही महिन्यांपूर्वी तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. रक्त इतकं गेलं की ती कशीबशी वाचली. दीड वर्ष तरी दिवस राहता कामा नयेत, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरीही 'नाहीये' हा शब्द ऐकून ती खट्टू झाली. हात आपोआप पोटाशी गेला आणि तिचं तिलाच नवल वाटलं, रागही आला.

सिस्टरने तिचं ब्लडप्रेशर बघितलं, नवं पाकीट काढलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"आता नीट ऐक. पाळी आली की पहिल्याच दिवशी सुरू कर. पाचव्या दिवसापर्यंत चालतं, पण उगाच रेंगाळू नकोस. रोज एक, ठरलेल्या वेळी. आधी या पांढऱ्या एकवीस, मग या तांबड्या सात, त्या लोहाच्या. तांबड्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, पाळी चालू असली तरी. मधे खाडा नाही. तो असो, नसो."

"तो असो, नसो," कॉलरवाली हळूच म्हणाली.

"एखादी विसरलीस तर आठवेल तेव्हा लगेच घे, त्या दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर मात्र आठवल्याबरोबर एक घ्यायची, रोजची चालू ठेवायची आणि पुढचे सात दिवस निरोध. छातीत दुखलं, पाय सुजून दुखायला लागला, डोकं असह्य दुखलं, तर गोळी बंद आणि तू ताबडतोब इथे. आणि हे बघ, रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधून टाक, म्हणजे विसरणार नाहीस."

कॉलरवालीने ती नवऱ्याच्या फोनला बांधली.

नवरा विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर उभारायचा. लाइन सुरू झाली तेव्हा तो दर शनिवारी घरी यायचा, मग महिन्याने, आता दोनतीन महिन्यांनी. त्याच्या कामाची गंमतच तशी होती. काम चांगलं झालं की तो घरापासून आणखी एक टॉवर लांब जायचा. संध्याकाळी खाली उतरला, सुरक्षेचा पट्टा सोडला, की फोन करायचा. बोलणं तरी काय, तर जेवलीस का, अजून नाही, आई कशी आहे, बऱ्या आहेत. फोन कानाशी तसाच धरून ती गोळी जिभेवर ठेवायची आणि वर घोटभर पाणी प्यायची. तो घोट त्याला तिकडे ऐकू जायचा.

"घेतलीस?"

"घेतली."

एवढ्यावर फोन बंद व्हायचा. पण त्या घोटापुरता तो घरात असायचा, शेजारी बसलेला. दिवसभर मशीनवर मान मोडून काम करताना ती त्याच घोटाची वाट बघायची.

एका महिन्यात टॉवरवाल्यांच्या मुक्कामाचा कॅम्प डोंगरामागच्या खोलगटात गेला आणि फोन लागेनासा झाला. पहिल्या संध्याकाळी तिने गोळी डब्याच्या झाकणात काढून ठेवली. आता येईल, मग येईल, करता करता डोळा लागला. दुसऱ्या संध्याकाळी झाकणात दोन गोळ्या झाल्या. फोनशिवाय गोळी घ्यायची तर तो फोन येणार नाही हे कबूल करावं लागलं असतं. ते तिच्याने होईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच दारात उभा. "म्हटलं, फोन लागत नाही, तर आपणच जावं," तो म्हणाला. चार दिवसांची सुटी होती. रापला होता, खांद्याच्या पिशवीला ग्रीसचा वास येत होता. तिला इतका आनंद झाला की आधी रडूच आलं. मग झाकण आठवलं. तिने एक गोळी तिथल्या तिथे गिळली आणि दवाखाना गाठला.

"रोज होणाऱ्या गोष्टीला बांध म्हटलं होतं मी," सिस्टर म्हणाली. "नवऱ्याच्या फोनला नाही. पाकीट कुठवर आलंय? दुसरा आठवडा? मग बरं. पांढऱ्यांचा शेवटचा आठवडा असता तर तांबड्या सोडून थेट नवं पाकीट उघडायला लावलं असतं." तिने निरोधचं पाकीट हातावर ठेवलं. "दात घासतेस ना रात्री? त्याला बांध. दात तुझे आहेत, कॅम्पवर जात नाहीत."

ते पाकीट बघून नवऱ्याने कपाळाला हात लावला. "तिकडे पट्टा बांधल्याशिवाय वर चढू देत नाहीत. आता घरीही तेच? माणसानं मोकळं व्हायचं कुठे?"

ती इतकी हसली की पलीकडच्या खोलीत सासूबाई खाकरल्या. मग दोघं उशीत तोंड खुपसून हसत राहिली. पुढे कितीतरी दिवस कॉलर शिवताना तिला ते आठवायचं आणि हात थांबायचा.

चार दिवस बघता बघता गेले. जाण्याआधी तिने त्याच्या शर्टाची विरलेली कॉलर उसवली आणि उलटवून शिवली. "नवीच झाली की," तो म्हणाला. तो गेला त्या रात्री जेवणं आटोपल्यावर तिने दात घासले. ब्रशांच्या मगात दोन ब्रश ओले होते, तिसरा, त्याचा, अजून ओलसर. तिने गोळी हातावर घेतली, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तो तर गेला. आता ही कोणासाठी?"

सरळ प्रश्न नव्हता तो. कॉलरवालीच्या मानेपर्यंत आग गेली.

"ते काय सांगून येतात का, आई? रोज घेतली तरच मी..." ती अडखळली. "तरच मी तयार असते."

सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. मग खाली बसल्या.

"ह्याचे वडील बोटीवर होते. आले की एक मूल पदरात टाकून जायचे. चार झाली, हा एकटा राहिला. मीही वाट बघायचे गं, पण भीत भीत. येत नाहीत म्हणून भीती, आणि येतील म्हणूनही." त्यांनी तिच्या हातातल्या गोळीकडे बघितलं. "घे. कोरडी गिळू नकोस."

दुसऱ्या रात्रीपासून ब्रशांशेजारी पाण्याने भरलेला पेला असायचा. कधी त्याबद्दल बोलणं झालं नाही. नवरा आणखी दोनदा येऊन गेला. येऊन गेला की तिसरा ब्रश दोन दिवसांत खडखडीत वाळायचा.

दीड वर्ष झालं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. सिस्टरला तिच्याहून जास्त आनंद झाला. "हे पाकीट संपव आणि नवं उघडू नकोस. गोळ्या थांबल्या की दिवस राहायला फार वेळ लागत नाही. नवरा तेवढा बोलावून घे."

संध्याकाळी फोन आला तेव्हा तिने लगेच सांगितलं, "अहो, डॉक्टर हो म्हणाले."

पलीकडे नुसता वारा. मग, "खरंच?" त्याचा आवाज इतका मऊ झाला की तिला तो समोर दिसला. मग तो म्हणाला, "अगं, लाइन नदीपलीकडे मंजूर झाली. तारा ओढून होईपर्यंत कुणालाच सुटी नाही म्हणतात."

"किती दिवस?"

"दिवस कसले. वर्ष तरी. बघू."

"बघा," ती म्हणाली. त्याचं 'बघू' तिला पाठ होतं. रागावण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

तांबड्या गोळ्या एकेक करत संपल्या. दुसऱ्या रात्री तिने भांडी घासली, दात घासले आणि सवयीने फळीवर हात फिरवला. रिकामं पाकीट हाताला लागलं. ती तिथेच उभी राहिली. गोळी होती तोवर वाट बघण्यात तिला रोजचं एक काम होतं, आता ते काम संपलं होतं आणि वाट तेवढी उरली होती. तिला तो हवा होता, बाळ हवं होतं, आणि आज रात्री यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

शेजारी पेला भरलेला होता.

"विसरलेच मी," सासूबाई मागून म्हणाल्या. "हाताला सवय." त्या पेला उचलायला पुढे झाल्या.

"असू द्या, आई."

तिने पेला घेतला आणि उभ्याउभ्याच, सावकाश, तळापर्यंत पाणी प्यायली. सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, विसळला, पुन्हा भरला आणि तीन ब्रशांच्या मगाशेजारी होता तिथे ठेवला.