खिडकीकडे कललेलं जांभूळ

...अकरा. काल सातच होती. जांभळाच्या बुंध्याला बटणाएवढी पांढरी अळंबी फुटली होती आणि शिवायला आलेल्या ब्लाउजला हूक लावता लावता ती दारातून तीच मोजत बसली होती.

झाडं तोडणारा सकाळीच येऊन गेला. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकलं, कान लावला. "आतून पोकळ आहे, वहिनी. एक जोराचा वारा पुरे. आणि पडेल ते ह्याच अंगाला." त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीच्या आत खाट, खाटेवर सासू – दोन वर्षं तिथून हललेली नाही. "संध्याकाळपर्यंत सांगा, उद्या उतरवतो." ती म्हणाली, जरा हळू बोला... का म्हणाली, ते तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. नव्हतं? होतं की.

झाड कुठं पडेल ते न विचारताच नवरा म्हणाला, "आई म्हणेल तसं." तो दुसरं काय म्हणणार! एकोणीस वर्षं त्या आईनं हिला पाण्यात पाहिलं – दूध दिलं की आधी हुंगायची, गोळी दिली की पाकिटातल्या गोळीशी ताडून बघायची, आल्यागेल्याला ऐकवायची, "हिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही." आणि आता तीच अडून बसली होती, माझ्या हातचं झाड आहे, मी असेपर्यंत कुऱ्हाड लागू देणार नाही... मग मी कशाला भांडू? कधी नव्हे ते सासूचं ऐकावं. गुणाची सून. सुंठीवाचून खोकला जाईल – हा विचार इतका सहज आला की दोरा पहिल्या खेपेलाच सुईत गेला.

दुपारी ती अंग पुसायला आत गेली. सासू खिडकीबाहेर पाहत होती.

"काय म्हणाला गं तो?"

"जुनं झालंय म्हणाला."

"पडलंच, तर कुठं पडेल?"

टॉवेल पिळायला लागतो तेवढाच वेळ गेला.

"कुंपणाकडे."

आता उलटतपासणी होईल, लेकाला हाक जाईल, त्या माणसाला परत बोलाव म्हणेल – म्हणू दे, मी तयारच आहे... सासूनं नुसती मान हलवली. "मग राहू दे," म्हणाली, आणि पाठ पुसता यावी म्हणून हिच्याच खांद्यावर भार टाकून कुशीवर वळली. डोळे मिटले.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! दुधावर नाही, गोळीवर नाही – विश्वास ठेवायचा तर ह्याच शब्दावर ठेवला! तिला असा संताप आला की टॉवेल त्या हाडकुळ्या पाठीवर जोरात घासला गेला. हुंग की म्हातारे, हुंगून बघ... पुन्हा विचार मला. एकदाच, पुन्हा विचार.