यादीतलं पहिलं नाव

“काका, लवकर सांगा, पहिलं नाव कुणाचं?” डॉक्टरीणबाईंनी दारातूनच विचारलं. दान केलेलं बुबुळ सकाळी आलं होतं आणि आत शस्त्रक्रियेची तयारी सुरू होती.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यातल्या कारकुनाला सगळे यादीकाका म्हणत. काकांनी बटण दाबलं. बुबुळासाठी थांबलेल्या त्रेसष्ट जणांची यादी पडद्यावर आली. सगळ्यात वर एका ट्रकड्रायव्हरचं नाव होतं. काकांनी फोन लावला, तर पलीकडचा माणूस “आलोच, आलोच” म्हणत रडायलाच लागला.

फोन ठेवला आणि काकांच्या मनात पाल चुकचुकली. पहिलं नाव शिंपीणकाकूंचं असायला हवं होतं. दर सोमवारी त्या फोन करायच्या, “मी अजून पहिलीच ना हो?” आणि काका म्हणायचे, “पहिल्याच. तुमची जागा कोण घेतोय?” आता त्या एकेचाळिसाव्या होत्या.

काकांनी यादी पुन्हा काढली. तीच. चष्मा पुसून काढली, जणू चष्म्यानेच नावं हलवली होती! मशीन बंद करून चालू केलं. नावं त्रेसष्टच, एक कमी नाही, एक जास्त नाही, चूक झाल्याची सूचनाही कुठे नाही. चूक दाखवली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. शनिवारी सॉफ्टवेअरची नवीन व्हर्जन बसवली होती, त्यानंतरचं हे पहिलंच बुबुळ. त्यांनी सॉफ्टवेअरवालीला फोन केला.

“यादी काढायची ही क्वेरी कुणी लिहिलीये?” तिने विचारलं.

“मीच. एकोणीस वर्षांपूर्वी.” काकांचा आवाज नकळत ताठ झाला. पुस्तक समोर ठेवून, एकेक शब्द जुळवत लिहिली होती ती. तेव्हा बायकोनेसुद्धा कौतुक केलं होतं, आणि ती काही उठसूट कौतुक करणाऱ्यांतली नव्हती.

“यात नावं नोंदणीच्या तारखेनुसार लावा, असं कुठेच म्हटलेलं नाही.”

“पण लागून यायची की!”

“जुनी व्हर्जन आपणहून लावून द्यायची, काका. नवी सांगितल्याशिवाय लावत नाही. शेवटी एक ओळ टाका, झालं.”

“म्हणजे एकोणीस वर्षं मी सांगितलंच नव्हतं?”

“नाही ना.”

ओळ टाकली. काकू टुणकन वर आल्या, ड्रायव्हर गेला सदतिसावा. काकांना हायसं वाटायला हवं होतं, पण डोकं नुसतं भणभणत होतं. इतकी वर्षं यादी बरोबर होती, की नुसतीच निभावून गेली होती? काही केल्या कळेना. त्यांना भयंकर लाज वाटली.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. काकूंना बोलावणं गेलं. ड्रायव्हरचा फोन मात्र लागेना.

“आला की रिसेप्शनवाली सांगेल त्याला,” बाई म्हणाल्या.

“नको. मी बोलावलंय, मीच सांगतो.”

तो आला तेव्हा काकूंना आत घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात कपड्यांची पिशवी, आणि कोपराला धरून चालवणारी मुलगी.

“चूक माझी झाली,” काका म्हणाले. “नंबर तुमचा नव्हता. तुम्ही सदतिसावे आहात.”

मुलगी भडकली. “अहो, आजीला उठवून सांगून आलो आम्ही! चेष्टा वाटली का?”

काकांनी मान खाली घातली. ड्रायव्हरने मुलीला हाताने थांबवलं.

“मग पहिलं कोण?”

“एक शिंपीणबाई आहेत. चार वर्षं थांबल्यात.”

“चार?” त्याने चाचपडत बाक शोधला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला. “आलोच आहे तर थांबतो जरा. त्यांचं नीट होऊ दे.”

काका त्याच्याशेजारी बसले. त्याने शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दिशेने तोंड वळवलं.

“दारावरचा लाल दिवा लागला का हो?”

“लागलाय,” काका म्हणाले. मग तो विझेपर्यंत, दर थोड्या वेळाने, ते त्याला सांगत राहिले, “आहे अजून.”