दोन पाइप वर

आमच्या गावात घर घेणारा माणूस भिंती नंतर बघतो, आधी मला बोलावतो. मी बोअरच्या मोटारी दुरुस्त करते. सौदा ठरायच्या आधी जायचं, मोटार तासभर सलग चालवायची आणि धारेपाशी उभं राहायचं. धार तुटली नाही तर मी म्हणते, "घ्या." तुटली तर म्हणते, "बघा बुवा." या 'बघा बुवा'वर आजवर चार सौदे मोडलेत आणि एकाही विकणाऱ्याने माझ्याशी वाद घातलेला नाही. माझा बापही हेच काम करायचा. मोटार उघडणारे पंचक्रोशीत पुष्कळ आहेत, पण पाण्याबद्दल शब्द चालतो तो आमच्याच घराचा.

तो शब्द मी एका माणसाचं उट्टं काढायला वापरला. उगाच आढेवेढे घेत नाही, वापरलाच.

माणूस म्हणजे बियाण्याच्या दुकानाचा शेठ. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आम्ही त्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. पेरणीच्या तोंडावर त्याचा माल जास्त आला, गोदामात मावेना. एका दुपारी त्याने आम्हाला खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. धाकटा भाऊ तेव्हा आठ दिवसांचा. बाप हात जोडून म्हणाला, "शेठ, घरात बाळंतीण आहे. महिनाभर थांबा." शेठ म्हणाला, "बियाण्याला ओल लागली तर नुकसान कोण भरून देणार? तू?" आई बाळाला घेऊन रस्त्याच्या कडेला आमच्याच खाटेवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत पोती आत जात होती. माणसं बाहेर, पोती आत! आईने पुढची बावीस वर्षं पत्र्याच्या खोलीत काढली आणि तिथेच गेली. मी मात्र ती पोती कधी विसरले नाही.

यंदा शेठने दुकान बंद केलं. बायको वारली होती, गुडघे बोलत होते. घर विकून शहरात मुलीच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या असं त्याने ठरवलं. गिऱ्हाईक यायच्या आधी मोटार साफ करून घ्यावी म्हणून त्याने कोणाला बोलवावं? मलाच.

"पूर्वी कुठं राहायचात गं तुम्ही?" अंगणात खुर्ची टाकून बसत त्याने विचारलं.

"इथंच, शेठ. मागच्या खोल्यांत."

"हो का? बरेच भाडेकरू येऊन गेले बाबा." आणि लगेच, "चहा घेणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याने माफी मागितली असती, निदान नजर चोरली असती, तर कदाचित मी मोटार धुऊन घरी गेले असते. पण याला आठवतसुद्धा नव्हतं! ज्या दुपारी आमच्या घराची वाताहत झाली, ती याच्या लेखी साधी एक दुपार होती.

मी आणि भावाने तीन वाशांचं तिकाटणं उभं करून पंप वर ओढला. एकशे साठ फुटांवर होता. पाणी एकशे दहावर उभं होतं, दोरी ओली झालेली मी डोळ्यांनी पाहिली. पंप स्वच्छ केला आणि खाली सोडताना वीस वीस फुटांचे दोन पाइप बाजूला काढून ठेवले. आता पंप पाण्याच्या वरच्या थरातच लोंबकळणार होता. पाव तास चालेल, मग हवा ओढेल. बोअरच्या आत काय चाललंय ते कोणाला दिसतंय?

भावाच्या लगेच लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "ताई, हे करू नकोस. दुसरं काहीही कर. पाण्याबद्दल खोटं बोलू नको."

"आठ दिवसांचा होतास तू. तुला काय कळणार!"

"माझ्यासाठी करत असशील तर नको करूस. मला तर काही आठवतही नाही."

"मला आठवतं ना. तेवढं पुरे."

"पाइपांचं काय गं?" शेठने खुर्चीतून विचारलं. मी म्हटलं, "सडलेत, शेठ. लावून उपयोग नाही." त्याने मान डोलावली. आयुष्यभर लोकांना बी उगवेल असं सांगून पोट भरलेला माणूस, माझ्या शब्दावर डोळे झाकून बसला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते गुरांचा डॉक्टर आणि त्याची बायको. तिला घर इतकं पसंत पडलं की ती पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेत होती. मी मोटार सुरू केली. सतराव्या मिनिटाला धार खोकली, थुंकली आणि तुटली. शेठ खुर्चीतून ताडकन उठला. "असं कसं? वीस वर्षांत कधी तुटली नाही!"

"पंप तळाला टेकलाय. खाली नुसता दगड आहे," मी म्हटलं आणि डॉक्टरकडे वळले. "बघा बुवा."

डॉक्टरच्या बायकोने मापाची टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. तिचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण शेठचा पडलेला चेहरा बघून जिवाला जो गारवा मिळाला, त्यापुढे ते वाईट वाटणं फार टिकलं नाही.

बोअर पार आटली असंच गावभर झालं, मीही ते खोडलं नाही. दुसरं गिऱ्हाईक नुसतं ऐकूनच फिरकलं नाही. तिसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. चार महिन्यांत घर कवडीमोल झालं आणि मग मी ते विकत घेतलं. सहीची वेळ आली. मी पेनाचं टोपण काढून दिलं आणि म्हटलं, "आजच रिकामं करा, शेठ. मला सामान आणायचंय." त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता आठवलं असेल. आठवावं म्हणूनच तर म्हटलं होतं.

राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी मी दोन्ही पाइप जोडले. पाणी असं उसळलं की अंगणात लोट वाहायला लागले. मी लहान पोरीसारखी त्यात उभी राहिले. भाऊ धावत आला आणि त्याने बटण बंद केलं.

"पाणी मोरीतून रस्त्यावर जातंय. डॉक्टरने बघितलं तर काय सांगणार आहेस?"

मी काय सांगणार होते? बोअर खोल केली म्हणावं, तर खोदायची गाडी आली की सगळं गाव गोळा होतं, आणि इथे गाडी आलेली कोणी पाहिली नव्हती. पंप खाली सोडला म्हणावं, तर तळाला दगड आहे हे मीच चारचौघांत सांगितलेलं. थोडं थोडं उपसावं, तर आटलेल्या बोअरची मोटार रोज वाजते कशी, हे कोणीही विचारणार. एकदा बभ्रा झाला की मला कुठल्याच धारेपाशी कोणी उभं करणार नव्हतं. त्या दिवसापासून मी चौकातल्या नळावरून पाणी भरते. दारात भरलेली बोअर, आणि मी डोक्यावर हंडा घेऊन रांगेत.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी मूग गिळून गप्प बसले असते. पण मी पाडलेल्या भावात शेठला शहरात खोली येईना. मुलीने "बघू पुढच्या वर्षी" म्हणून हात वर केले. मग त्याने भाड्याने खोली घेतली, ती नेमकी माझ्या दारासमोर. दिवसभर तो उंबऱ्यात बसतो. वीस वर्षं त्या बोअरचं पाणी प्यायलेला माणूस आहे तो, आणि दोन पाइप बाजूला निघालेले त्याने डोळ्यांनी पाहिलेत. त्याला कळायला किती वेळ लागणार होता?

महिनाभर तो नुसता बघत होता. मग एका सकाळी मी हंडा घेऊन निघाले तर हाक आली.

"मोटारवाल्या बाई! नळावर चाललात ना? माझे गुडघे चालत नाहीत. येताना माझ्याही दोन कळशा आणाल?"

मी थांबले. तो कधी मला 'अहो-जाहो' करत नव्हता. समोरून गुरांचा डॉक्टर फटफटीवरून येत होता. शेठने त्याला नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघून हसला. फार गोड हसला.

"आणते, शेठ," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज दोन कळशा. एक दिवस उशीर झाला, तर तो डॉक्टरला हाक मारून उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत बसला, मी येईपर्यंत. मी मनातल्या मनात त्याच्या मरणाची वाट बघते. आणि तो दिवसेंदिवस तुकतुकीत होतोय.

काल मी कळशी ठेवली तेव्हा तो म्हणाला, "दमलीस का गं? मुलगी म्हणत होती, आता या. मी नाही म्हटलं. इथं माझी सगळी सोय होते."